लाल रेघेखालची अकरा पानं

गुणवंत,

परवा अकोल्यात तुझी तेरवी झाली. मांडवात जो उठला तो तुझ्या ओतशाळेबद्दल बोलला. कापसाच्या जिनिंग कारखान्यातलं दातेरी चाक मोडलं की माणूस आधी देवाचं नाव घ्यायचा नाही, तुझं घ्यायचा, असं एकानं सांगितलं आणि लोक हसले. तूही हसला असतास. सगळं खरं होतं. पण अमरावतीच्या कॉलेजात तू दोन वर्षं काय केलंस ते एकालाही ठाऊक नव्हतं. तुझ्या मुलीनं, सुनंदानं, माझ्याकडे पाहून विचारलं, "काका, तुम्ही बोलता का?" मी मान हलवून नाही म्हणालो. तेव्हा जे बोललो नाही ते आता लिहितो. तुझ्या मुलीनं वाचावं, कॉलेजातल्या लोकांनी वाचावं, ज्यांनी माझ्या सत्कारात टाळ्या वाजवल्या त्यांनीही वाचावं. पण सांगतोय तुला.

एकोणीसशे साठनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. मी रसायनशास्त्राचा नवा व्याख्याता, तू मुलांचे प्रयोग मांडून देणारा हंगामी डेमॉन्स्ट्रेटर. मी अमरावतीच्या भिक्षुकांच्या घरातला, म्हणून तू पहिल्याच दिवशी माझं नाव 'पंडित' ठेवलंस आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाहीस. तू अकोटचा. तुझे वडील तिथल्या एका जिनिंगमध्ये मिस्त्री, ओतकामाची भट्टी त्यांच्या हाताखाली. तू डावखुरा होतास. ब्युरेटची तोटी तू उलट्या हातानं फिरवायचास, तारा उलट्या पिळायचास, आणि दुसऱ्या दिवशी त्या सोडवताना मी वैतागायचो.

"अरे, जग उजवीकडे पिळतं!"

"जगाले सांग मंग, गुणवंत हाये तोवर जरा थांब."

एका परदेशी नियतकालिकात आपण एक लेख वाचला होता. चिनी मातीसारख्या कडक, भाजलेल्या पदार्थाची चकती खूप तापवली की तिच्यातून विजेचा भार वाहू लागतो. तिच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा ठेवली तर धूर नाही, ज्वाळा नाही, सरळ तारेत वीज येते आणि मागं उरतं पाणी. लेख वाचून झाल्यावर तू तो पुन्हा पहिल्यापासून वाचलास, मला वाटलं तुला कळला नाही. मग तू म्हणालास, "पंडित, हे त भट्टीचं काम हाये. हे आपल्याले जमते."

मला तसा आत्मविश्वास आयुष्यात पुन्हा कोणाच्या आवाजात ऐकू आला नाही.

लेखातला पदार्थ आपल्याला मिळणारा नव्हता. म्हणून आपण दुसरा शोधला. कपाटात बेरियम कार्बोनेट भरपूर होतं. त्याला जोड हवी होती सिरियम ऑक्साइडची, आणि ते तू आणलंस अकोल्याच्या एका चष्म्याच्या दुकानातून. भिंगं घासायची पूड, गुलाबीसर तपकिरी, मळकट. मी नाक मुरडलं. तू खलबत्त्यात दोन्ही एकत्र घालून तीन दिवस खलत बसलास. मग साच्यात दाबून रुपयाएवढ्या चकत्या काढल्या. आपल्या कॉलेजात त्यांना भाजण्याएवढी उष्णता नव्हती. लोखंडाचं पाणी करणारी भट्टी तुझ्या वडिलांकडे होती.

एसटीनं परतवाड्यावरून अकोटला जाताना त्या कच्च्या चकत्यांचा डबा रुईत गुंडाळून तू मांडीवर धरायचास. धक्का बसला की आधी डब्याकडे पाहायचास, मग रस्त्याला शिव्या द्यायचास. जिनिंगचा हंगाम संपलेला असायचा, दुरुस्तीच्या कामासाठी भट्टी मात्र चालू. मिस्त्रींनी पहिल्यांदा डबा उघडून पाहिला तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

"हे बिस्कुटं कोन्या देवाले वाहाचे हायेत मास्तर?"

"यातून वीज निघते, बाबा," तू म्हणालास.

"पोट्ट्याले शिकवलं मी, अन् पोट्टं मले फसवून राहिलं," असं म्हणत त्यांनी कोळसा ओढला. पण चकत्या घातल्यावर ते निळ्या काचेतून भट्टीचा रंग पाहत उभे राहिले ते जेवायलाही गेले नाहीत.

पहिली खेप वाया गेली. मातीच्या झाकणाच्या डबीत चकत्या ठेवल्या होत्या, त्या डबीच्या तळाशीच चिकटल्या. नुसत्या चिकटल्या नाहीत, मातीनं त्या खाल्ल्या. डबी घरी आणून मी वहीत अभिक्रियेचं समीकरण लिहू लागलो. तुझी माय अंगणात पापड लाटत होती. तिनं डबी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाली, "बाबू, पापड पोळपाटाले चिकटू नये म्हनून काय लावतेत? त्याचंच पीठ. दुसरं लावलं त चव जाते."

पुढच्या खेपेला आपण त्याच खललेल्या पुडीचा जाड थर डबीत पसरला, चकत्या त्यावर ठेवल्या, वरून तीच पूड घातली. चकत्या अखंड निघाल्या, खणखणीत वाजल्या. वर्षानुवर्षं मी विद्यार्थ्यांना ही रीत शिकवली आणि ती कुठून आली ते कधी सांगितलं नाही. आज सांगितलं.

आता त्या उन्हाळ्याकडे येतो.

आपली मोजायची भट्टी म्हणजे नळीवर गुंडाळलेली तार. तिच्यात चकती, चकतीच्या दोन्ही अंगांना चांदीचा लेप आणि चांदीच्या तारा, काचेच्या पुडीनं जोड बंद. बॅटरी लावायची आणि वीज मोजणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचा उजेडाचा ठिपका पट्टीवर किती सरकतो ते वाचायचं. मे महिना होता. खिडकीला वाळ्याची ताटी, शिपाई आठवला की तिच्यावर पाणी मारायचा, नाही आठवला की नाही. माझ्या वाचनांमध्ये मेळ बसेना. सकाळी एक, दुपारी भलतंच. मी बॅटरीवर संशय घेतला, चांदीवर घेतला, तुझ्या डाव्या हातावरही घेतला. तू चार दिवस वाचनं घेत राहिलास. पाचव्या दिवशी वही माझ्यासमोर ठेवलीस. प्रत्येक वाचनापुढं तू एक शब्द लिहिला होतास. ओली. कोरडी. कोरडी. ओली.

"काय हे?"

"ताटी."

ताटी ओली असली की ठिपका पुढं, कोरडी असली की मागं. चार दिवस तू न चुकता पाहत होतास.

"कुठंतरी ओल शिरतेय," मी म्हणालो. "चकतीच्या वरून वीज गळतेय."

"सातशे अंशावर ओल कुठं टिकते रे पंडित? तापल्या तव्यावर थेंब टाक अन् पाय."

मी आवाज चढवला. तू भांडला नाहीस. तू हवा आधी आम्लातून कोरडी करून सोडलीस, मग पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत सोडलीस. ताटीचा संबंधच उरला नाही, आणि ठिपका तरी सरकायचाच. मग एके दिवशी तू बॅटरीच काढून टाकलीस. चकतीच्या एका अंगाला ओली हवा, दुसऱ्या अंगाला कोरडी. बस्स. ठिपका सरकला. बाजू बदलल्या, तो उलट दिशेला सरकला.

"पाण्यातल्या हायड्रोजनचा गाभा यातून चालून राहिला," तू म्हणालास. "नुसता गाभा. प्रोटॉन."

"प्रोटॉन एवढ्या घट्ट पदार्थातून जाणार नाहीत. जगात सगळे म्हणतात, असल्या चकत्यांतून ऑक्सिजन जातो."

"सगळ्याइनं आपली चकती पाह्यली काय?"

हा आपला वाद कधी निकाली निघाला नाही, कारण तो मी मध्येच संपवला. कसा ते सांगतो.

मी मुंबईहून शुद्ध सिरियम ऑक्साइड मागवलं. पांढरं, फिकट पिवळसर, पाहूनच समाधान वाटावं असं. त्याच्या चकत्या केल्या. ओली हवा, कोरडी हवा, ठिपका जागचा हलेना. मी विजयानं तुझ्याकडे पाहिलं. "बघ. तुझी जादू म्हणजे चष्म्याच्या दुकानातली घाण."

तू म्हणालास, "मंग घाणच काम करून राहिली. तिचं नाव शोध ना."

केवढं मोठं वाक्य होतं ते! त्या मळक्या पुडीत सिरियमचे भाऊबंद मिसळलेले होते, आणि त्यांच्यामुळंच चकती वाफेतलं पाणी स्वतःत घेऊ शकत होती, हे जगाला कळायला पुढं पुष्कळ वर्षं गेली. तुला त्याच दुपारी अर्धं कळलं होतं.

त्याच सुमारास पत्र आलं. बाहेरगावचे एक नावाजलेले प्राध्यापक आपलं काम पाहायला येणार होते. त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाची एक जागा होती. एकच. आपण दोघंही तिच्यासाठी पात्र होतो, आणि आपल्या कामाची वही एकच होती. तिच्यात स्वच्छ पदार्थाची माझी पानं होती, नीट, आलेखांसह, आणि त्यातून नवं काहीही निघत नव्हतं. आणि तुझी अकरा पानं होती.

गुणवंत, आजवर ही गोष्ट मी ज्यांना सांगितली त्यांना अशी सांगितली: आम्ही तरुण होतो, साधनं अपुरी होती, एका सहकाऱ्याची निरीक्षणं मला चुकीची वाटली, मी ती बाजूला ठेवली, पुढं ती बरोबर ठरली. लोक म्हणायचे, "सर, किती मोकळेपणानं चूक मान्य करता!" मी मान खाली घालायचो आणि माझा मोठेपणा वाढायचा.

ती चूक नव्हती.

प्राध्यापक यायच्या आधीच्या रविवारी भरदुपारी मी एकटा प्रयोगशाळेत गेलो. मळक्या पुडीच्या दोनच चकत्या उरल्या होत्या. त्यातली एक घेतली. तिच्या तारा तुटल्या होत्या, त्या काढून नव्या लावल्या. भट्टी तापेपर्यंत घामानं शर्ट पाठीला चिकटला. आधी कोरडी हवा, मग ओली, मग बाजू बदलून. बॅटरी नव्हतीच. प्रत्येक जोड मी स्वतः तपासला होता, एकातही ओल नव्हती. तीनदा केलं. चार वाजता मी भट्टी बंद केली, ती निवेपर्यंत स्टुलावर बसून राहिलो, चकती काढली, पुन्हा डबीत ठेवली. वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

मग लाल शाईची बाटली उघडली. तुझ्या अकरा पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघा मारल्या. शेवटच्या पानाखाली लिहिलं: 'नळीच्या जोडात ओल. डेमॉन्स्ट्रेटरचा निष्काळजीपणा. निरीक्षणं रद्द.' खाली सही.

ओल होती असं तरी लिहून थांबायचं. निष्काळजीपणा कशाला लिहिला? कारण नुसती ओल म्हटली असती तर ते प्राध्यापक कदाचित म्हणाले असते, पुन्हा करून पाहा. निष्काळजी माणसाचा प्रयोग कोणी पुन्हा करून पाहत नाही. एवढा विचार मी केला होता.

सोमवारी तू आलास. वही उघडलीस. मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो, पानं उलटल्याचा आवाज ऐकत.

"पंडित, हे तू लिहिलं?"

"हो."

तू चकत्यांच्या डबीपाशी गेलास. झाकण उघडून बराच वेळ आत पाहत राहिलास. मग विचारलंस, "पुन्हा लावून पाह्यलं का?"

"नाही," मी म्हणालो. "गरज नव्हती."

दोन चकत्यांमधली एक रुमालात बांधलीस, दुसरी माझ्यासाठी ठेवलीस. दारापाशी जाऊन वळलास. "ही मी नेऊन राहिलो. पाहिजे असली त मागजो."

जागा मला मिळाली. तुझी हंगामी नेमणूक पुढं चालू ठेवली नाही, कारण वहीत लिहिलेलं प्राचार्यांनीही वाचलं. तू अकोल्याला गेलास, ओतशाळा घातलीस. मी ठेवलेली चकती पहिल्याच पावसाळ्यात कपाटात भुगा होऊन पडली. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड तिला सोसत नाही, हे मला तो भुगा पाहूनच कळलं. तुझीही तशीच झाली असणार असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर तशी ती व्हावी अशी माझी इच्छा होती.

आणि तू काय केलंस? तू मैत्री तोडली नाहीस. हे मला सगळ्यात अवघड गेलं. दर हिवाळ्यात तुझा निरोप यायचा, "हुरडा झाला, पंडितले म्हना ये." मी यायचो. शेतात तू गोवऱ्यांवर कणसं भाजायचास आणि सगळ्यांना सांगायचास, "याच्यापुढं हुरडा जपून भाजा बरं, हा भट्टीतला मोठा मानूस हाये." सगळे हसायचे. मी तुझ्या चेहऱ्यावर टोमणा शोधायचो. तो नव्हता, की मला ओळखता येत नव्हता, कोण जाणे. माझ्या मुलीच्या लग्नात तू तीन दिवस राबलास. माझ्या प्रयोगशाळेच्या नव्या भट्टीचा लोखंडी सांगाडा तू ओतून दिलास, आणि त्याच भट्टीवर माझे विद्यार्थी पीएच.डी. झाले. याबद्दल मी तुझे आभार मानले होते. बाकीच्याबद्दल मानायचे राहिले.

मग ऐंशी सालानंतर एकदा लायब्ररीत नवं नियतकालिक उघडलं. दूरदेशीच्या कोणीतरी आपल्यासारख्याच चकत्या केल्या होत्या. एका अंगाला ओली हवा, दुसऱ्या अंगाला कोरडी. बॅटरी नाही. आणि निष्कर्ष: प्रोटॉन. तुझाच प्रयोग, जवळजवळ तुझ्याच क्रमानं. मी उभ्यानंच तो लेख वाचला आणि तसाच एसटी स्टँडवर गेलो. अकोल्याला पोचलो तेव्हा तू साच्यात लोखंड ओतत होतास. मला पाहून ओरडलास, "थांब रे, हे गरम हाये, तू नंतर!" आपण चहा प्यायलो. तुझ्या गुडघ्यांबद्दल बोललो, माझ्या रक्तदाबाबद्दल बोललो. नियतकालिक पिशवीतच राहिलं. निघताना तू पिशवीकडे पाहिलंस. "काही आनलं होतं काय?"

"नाही. सहज आलो होतो."

दुसऱ्यांदा तोच शब्द. नाही.

परवा तेरवीचं जेवण झाल्यावर मी सुनंदाला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाई, तुझ्या बाबांकडे एक चकती होती. रुपयाएवढी. असेल तर मला हवी आहे."

ती लगेच आत गेली आणि पत्र्याचा एक लहान डबा घेऊन आली. झाकणाच्या कडेला मेण ओतून तो बंद केलेला होता. मेणाचे थर निरनिराळ्या रंगांचे होते. दर काही वर्षांनी तू तो उघडून, आत पुन्हा ताजा कळीचा चुना भरून, पुन्हा बंद करत असणार. ओल आणि हवा आधी चुन्यानं खावी, चकतीला लागू नये म्हणून. मला भुगा पाहून जे कळलं ते तुला भुगा न होऊ देता कळलं होतं.

"बाबांनी सांगून ठेवलं होतं," सुनंदा म्हणाली. "पंडितकाकाइनं मागितली तरच द्याची. न मागता द्याची नाही. काका, मी दोन-तीनदा म्हटलं बी त्यायले, देऊन टाका ना. त म्हणे, नाही, त्याले मागू दे." मग तिनं डबा माझ्या हातात दिला. "एक विचारू? बाबा म्हणत, या चकतीच्या तारा उजव्या पिळाच्या हायेत. मी त कधी उजवीकडे पिळलं नाही म्हणे. म्हणजे काय हो ते?"

मी तिथंच चाकूनं मेण खरवडून डबा उघडला. चुन्याच्या पांढऱ्या पुडीत चकती अखंड होती. दोन्ही अंगांना चांदीच्या तारा, काळ्या पडलेल्या. पीळ उजवा. त्या रविवारी मी लावलेल्या.

म्हणजे त्या सोमवारी डबीचं झाकण उघडून तू जे पाहत होतास ते हे होतं. मला विचारण्याआधी तुला माहीत होतं. तरी विचारलंस. माझ्या 'नाही'नंतर तू तीच चकती निवडून नेलीस, पुरावा म्हणून कोणाला दाखवली नाहीस, सांभाळलीस, आणि दर हिवाळ्यात मला हुरड्याला बोलावत राहिलास. मी मागण्याची वाट पाहत.

सुनंदाला मी तिथल्या तिथं सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "काका, लिहून द्या."

म्हणून हे. कॉलेजातली ती वही अजून आहे, मीच ती जपून ठेवायला लावली होती, माझ्या स्वच्छ पानांसाठी. काल जाऊन मी तुझ्या अकरा पानांखालचा माझा शेरा खोडला. लाल रेघा खोडता येत नाहीत, त्या राहू दिल्या. खाली कालच्या तारखेनं लिहिलं की ही निरीक्षणं गुणवंताची आहेत, ती बरोबर आहेत, आणि रद्द करणाऱ्याला ती बरोबर आहेत हे रद्द करताना माहीत होतं. विभागातल्या लोकांनी चकती तापवून पाहू या म्हटलं. जरूर पाहा, म्हटलं, पण माझी सही झाल्यावर. ठिपका काय सांगतो ते पाहून मग लिहू म्हणून मी एकदा थांबलो होतो, आणि तो सरकला तरी मी खोटंच लिहिलं होतं. या वेळी आधी लिहिलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. हो, गुणवंत. पुन्हा लावून पाहिलं होतं. तीनदा. तिन्ही वेळा ठिपका सरकला.